बिकाऊ काय आहे?

मी आमचं घर विकायला काढलं, तेव्हा आई आंब्याच्या लोणच्याला फोडणी देत होती. आपण घर विकायला काढतोय हे मलाच ठाऊक नव्हतं, ही पहिली अडचण; घर आमचं नव्हतं, ही दुसरी! बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमधून रिटायर झाले, तरी कंपनीचं क्वार्टर अजून परवानगीवर आमच्याकडेच होतं. ते भाड्यानं दिलंत किंवा विकायला काढलंत तर सामान रस्त्यावर, असा सरळ नियम.

मी नुकताच ऑनलाइन मार्केटिंगचा कोर्स केला होता. तिथे शिकवलं होतं की, मजकूर लिहिणारा वेगळा, चित्र करणारा वेगळा, जाहिरात चालवणारा वेगळा आणि आकडे पाहणारा वेगळा. आईनं लोणचं विकायचं ठरवलं, तेव्हा मी तिला म्हटलं, "तुले चार माणसं कशाले पाहिजे? मी एकटाच चारही करतो."

"कर बापा," आई म्हणाली. "पण खार सांडू नको."

मजकूर मी हिंदीत लिहिला, कारण भिलाईत लोणचं मराठीत खपत नाही. 'भिलाई में पाइए अपने घर जैसा अचार'. खाली 'सीमित स्टॉक, जल्दी करें'. फोटोत आई गेटपाशी हात जोडून उभी, मागे क्वार्टर, पायाशी सुपेल्याच्या बाजारातून आणलेल्या बरण्यांची रांग. संपर्काला क्वार्टरचा पत्ता आणि बाबांचा नंबर दिला, कारण आईचे हात कायम तेलात. सकाळी बटण दाबलं आणि आकडे पाहणाऱ्याच्या भूमिकेत शिरलो. आकडे धावत होते! मी ओरडलो, "आई, पब्लिक तुटून पडली!"

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला.

"हां जी... ताज़ा है, ताज़ा! इसी हफ़्ते डाला है... सीलन? काहे का गीलापन? चार दिन छत पर कड़ी धूप में रखा था... बड़ा भी है, छोटा भी है... देखना क्या है, आके चखिए!"

फोन ठेवून बाबा माझ्याकडे वळले. "काय बे, लोणच्याले पार्किंग आहे का म्हणून कावून विचारून राहिला हा?"

मी म्हटलं, "मोठं गिऱ्हाईक असेल बाबा. टेम्पो घेऊन येईल."

टेम्पो नाही आला. मोहन नगरहून कार आली. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. सासूबाईंनी चपला काढल्या आणि "राम राम" करून थेट आमच्या स्वयंपाकघरात! आईला वाटलं, पारखी बाई दिसते. तिनं फोड पुढे केली. सासूबाईंनी ती तोंडात टाकली, चहूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "स्वाद तो बढ़िया है, पर किचन छोटा है." बाहेर सूनबाई वितीनं हॉलची भिंत मोजत होती. नवऱ्यानं बाबांना बाजूला घेतलं. "अंकल, फ़ाइनल बताइए. खाली कब करेंगे?"

"क्या खाली? बरनी?"

"घर!"

नवऱ्यानं मोबाइलवरची जाहिरात पुढे धरली. मी त्या गृहस्थाचा मोबाइल घेतला आणि माझीच जाहिरात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहिली. मथळा लांब झाला म्हणून मोबाइलनं तो मध्येच तोडला होता. 'भिलाई में पाइए अपने घर...' आणि पुढे तीन टिंबं! माझं लोणचं त्या टिंबांत गेलं होतं. फोटोही खालून कापला गेला होता. बरण्या गायब. उरलं क्वार्टर आणि त्यापुढे हात जोडलेली आई, जणू म्हणतेय, घ्या हो एकदाचं! (मजकूर लिहिणारा आणि चित्र करणारा, दोघंही एकाच वेळी नापास.)

कुंपणावरून शेजारच्या दुबेकाकूंचा आवाज आला. "भाभी! घर बेच रहे हो और हमको बताया तक नहीं?"

बाबा पांढरे पडले. "अबे, अख्खी नोकरी एक मेमो नाही भेटला मले! अन् आता रिटायर झाल्यावर तू सस्पेंड करून राहिला काय?"

मी जाहिरात बंद केली, पण आधी पाहिलेली माणसं येतच राहिली. बाबांनी गेटवर पुठ्ठा टांगला, 'यह घर बिकाऊ नहीं है'. ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं, असे रस्त्यानं जाणारेही त्यामुळे थांबू लागले. एक म्हातारेबुवा डोळा मारून म्हणाले, "भाव बढ़ाने के लिए सब यही लिखते हैं."

आणि मग स्कूटरवरून क्वार्टर खात्याचे साहेब आले. कुणीतरी खबर दिली होती. बाबांनी खुर्ची पुढे केली. मी साहेबांना अक्षरमर्यादा समजावू लागलो. ते माझ्याकडे असे पाहत होते की, माझ्याच जिभेला टिंबं फुटली. शेवटी आईनं मला बाजूला सारलं आणि त्यांच्यासमोर गरम पोळी आणि लोणच्याची वाटी ठेवली.

"साहेब, पहले ये खाओ. हम ये बेचते हैं. लड़का हमारा पढ़ा-लिखा है, इसलिए ऐसा हुआ."

साहेबांनी जेवता जेवता जाहिरात पुन्हा पाहिली आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बोरकर जी, लड़के को सँभालिए," एवढंच म्हणून दोन बरण्या घेऊन गेले. बाबा तिथेच वेताच्या स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. ताटकळलेल्या मंडळींनीही, घर नाही तर नाही, म्हणून एकेक बरणी उचलली. संध्याकाळी घरात लोणचं उरलं नाही. मी छाती काढून म्हटलं, "पाहिलं ना आई? शेवटी जाहिरात चाललीच!"

आईनं दुसऱ्या दिवशी नवा घाणा काढला आणि मार्केटिंग दुबेकाकूंकडे सोपवलं. काकू सकाळी गेटवर उभ्या राहून चारजणींना सांगतात, दुपारपर्यंत ते सगळ्या सेक्टरला ठाऊक होतं. मोबाइलची गरज नाही, टिंबं पडत नाहीत. मला आईनं पॅकिंग खात्यात घेतलंय. झाकण लावायचं आणि लेबल चिकटवायचं, इतकंच. परवाच सगळी लेबलं उलटी चिकटली, सध्या माझी चौकशी चालू आहे!