रोज वीस पानं

वाचनाच्या बाबतीत मी हावरट आहे, आणि हे मी जरा मिरवूनच सांगते. लहानपणी पुण्यात आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं. तिथल्या बाई दिवसाला एकच पुस्तक द्यायच्या. मी ते चालता चालता वाचत घरी न्यायचे आणि संध्याकाळी बदलून मागायला पुन्हा दारात हजर. "नुसती पानं उलटतेस की वाचतेस?" असं त्या विचारायच्या. लग्न होऊन शारजाला आले तेव्हा तीस किलोच्या सामानात बारा किलो पुस्तकं होती. त्यांना जागा करण्यासाठी सासूबाईंनी दिलेलं कुळथाचं पीठ आणि मेतकूट मी विमानतळावर भावाच्या हवाली केलं. सासूबाईंना अजून हे माहीत नाही.

चारशे पानांची कादंबरी मी दोन दिवसांत संपवायचे. रात्री जेवताना ताटाशेजारी पुस्तक, सकाळी चहा उतू जाताना हातात पुस्तक. आणि वाचायचं ते मनात. मोठ्याने वाचणं ही शाळेतली शिक्षा, असं माझं ठाम मत होतं. ज्यांना भराभर वाचता येत नाही त्यांच्यासाठीची सोय.

हे मत मोडलं ते शारजा-दुबई रस्त्यावरच्या जॅममध्ये.

२००८ साल. पाचव्या टेस्टला मिळालेल्या लायसन्सचा मला भयंकर अभिमान होता. रोज सकाळी सहाला मी गाडी काढायचे आणि पावणेआठच्या सुमाराला दुबईत ऑफिसजवळच्या वाळूच्या पार्किंगमध्ये पोचायचे. अंतर म्हणाल तर तीसेक किलोमीटर. माझ्यासोबत आमच्याच बिल्डिंगमधले दोघं असायचे. एक काका, सत्तावन्न-अठ्ठावन्नचे, एका बांधकाम कंपनीत टेंडरचे अंदाज काढायचे. दुसरी, तेवीस वर्षांची एक मुलगी, मराठी आईबापांची पण जन्मापासून शारजातली, जाहिरातीच्या कंपनीत नुकतीच लागलेली. तिला मराठी सगळं समजायचं. शाळेत मात्र तिने हिंदीऐवजी फ्रेंच घेतलेलं, त्यामुळे देवनागरी अक्षरं ती दुकानाची पाटी वाचावी तशी एकेक करून लावायची.

एके दिवशी गाड्यांची रांग इंचभर हलेना, तेव्हा काकांनी डब्याच्या पिशवीतून पुस्तक काढलं आणि शांतपणे मांडीवर उघडलं. माझा जळफळाट झाला.

"हे बरंय! तुम्ही मजेत वाचणार आणि मी स्टिअरिंग धरून बसणार?"

"मग ऐका," काका म्हणाले, आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिल्या पानापासून म्हणजे अगदी पहिल्या. प्रकाशक, मुद्रक, मुद्रकाचा पत्ता, आवृत्ती, अर्पणपत्रिका. "मूल्य साठ रुपये. म्हणजे पाच दिऱ्हाम. दीड शावरमा," अशी टीपही जोडली. मागून ती मुलगी खिदळली. मला वाटलं, या वेगाने हे पुस्तक माझ्या निवृत्तीपर्यंत पुरणार.

काका नाटकी वाचत नसत. बाईचा आवाज बारीक, म्हाताऱ्याचा थरथरता, असलं काही नाही. एका संथ, सरळ आवाजात वाचायचे, पण स्वल्पविरामाला थांबायचे म्हणजे खरोखर थांबायचे. एखादं वाक्य फार आवडलं तर "वा!" म्हणायचे आणि पुढे जायचे. मुलीने "व्हॉट इज माजघर?" विचारलं की वाचण्याच्याच सुरात "घरातली मधली खोली, बाळा" असं सांगून पुढचं वाक्य. त्या माणसाच्या वाचनात एकही शब्द हरवायचा नाही. मी आयुष्यभर जी पुस्तकं वाचली त्यातले किती शब्द मी नुसते ओलांडून गेले असेन, हा विचार मला पहिल्यांदा त्या जॅममध्ये आला, आणि मुळीच आवडला नाही.

वर्षभरात दहा-बारा पुस्तकं झाली. संध्याकाळी परतताना वाचन नसे, भांडण असे. अमुक असा का वागला, तमकीने ते पत्र का फाडलं. मी तावातावाने बोलायचे, मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची, काका दोघींना हसायचे. सकाळी पुढची गाडी हलली की आम्हाला चक्क वाईट वाटायचं. "काकू, डोंट मूव्ह, डोंट मूव्ह!" असं ती मागून ओरडायची, आणि मागचा हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. घरी मी जॅमच्या नावाने बोटं मोडायचे, पण ते नवऱ्याकडून सहानुभूती मिळवण्यापुरतं. खरं सांगायचं तर दिवसातला तो सगळ्यात सुखाचा वेळ होता.

त्यानंतरची कादंबरी जाडजूड होती. दोन बहिणींची गोष्ट. एका लग्नावरून त्यांचं बोलणं बंद होतं आणि एकाच गावात राहून तीस वर्षं त्या एकमेकींशी बोलत नाहीत. मुलीला एकच प्रश्न पडलेला : "दे विल टॉक ना, काका? ॲट लीस्ट इन द एंड?" काका म्हणायचे, "इन्शाल्ला."

त्या सुमाराला मंदी आली. आधी क्रेन थांबल्या. मग आमच्या बिल्डिंगखाली काही गाड्यांवर धूळ साचायला लागली आणि कुणी ती पुसायला येईना. शाळेच्या बसमधली मुलं कमी झाली. आणि एके दिवशी रस्ताच मोकळा झाला. पावणेदोन तासांचा प्रवास पस्तीस मिनिटांवर आला. बहिणींपैकी धाकटीचं जेमतेम एक दुखणं वाचून होतं न होतं तोच ऑफिस यायचं. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या आणि आम्हाला जॅमची आठवण येत होती. याची लाज वाटायची, पण आठवण यायचीच.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी काका गाडीत बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "खलास. महिनाअखेरपर्यंत." मग पुस्तक उघडून वाचायला लागले.

"काका, स्टॉप!" मुलगी म्हणाली. "यू कान्ट जस्ट रीड!"

"अगं, टेंडरच नाहीत, तर मी अंदाज कशाचे काढू?" ते म्हणाले. माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. बावीस वर्षं हा माणूस या देशात होता, आणि नोकरी गेली की व्हिसाही जाणार.

थोड्या वेळाने त्यांनी खिशातून पेन काढलं, ऑफिसच्या एका पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले आणि जाहीर केलं, "उरलेली पानं चारशे तीस. कामाचे दिवस बावीस. रोज वीस पानं. या मोकळ्या रस्त्यावर होतात फक्त दहा."

"राहिलेलं काकू वाचतील तुला," असंही पुढे म्हणाले.

"नो. काकू डॉक्युमेंट चेक केल्यासारखं वाचतील. इट हॅज टु बी यू." मला राग आला. पण ती रडवेली झाली होती, म्हणून गिळला. तिच्यासाठी ती कादंबरी कागदावर नव्हतीच. ती काकांच्या आवाजात होती, आणि तो आवाज महिन्याभरात विमानात बसणार होता.

"वर्णनं गाळू या ना," मी सुचवलं. "नदी, डोंगर, सण... गोष्ट तेवढी घ्या."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "टेंडरमधली एक ओळ गाळली तर पूल पडतो, मॅडम."

मग आम्ही एक वेडेपणा ठरवला. रस्ता मोकळा असला तरी जॅमच्याच वेळेला, सहालाच निघायचं. साडेसहाच्या सुमाराला वाळूच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची, एसी चालू ठेवायचा आणि आठला दहा कमी असेपर्यंत वाचायचं. शेजारी गाडी लावणारा आत डोकावून बघायचा. तीन माणसं गाडीत नुसती बसलीत आणि एक जण बोलतोय. आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याला मी कामाचा व्याप वाढलाय म्हणून सांगितलं.

पुस्तक माझ्याच गाडीत राहायचं. एका शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, मला राहवलं नाही. चहा घेऊन बसले आणि पुढची साठ पानं फस्त केली. रविवारी सकाळी काका तीच पानं वाचायला लागले. धाकटी बहीण संध्याकाळी थोरलीच्या फाटकापाशी येते, आत दिवा दिसतो, आणि ती परत जाते. मी ते शुक्रवारी वाचलं होतं. आली, गेली, एवढंच माझ्या डोक्यात राहिलेलं. काका वाचत होते तेव्हा मला कळलं की ती तिथे किती वेळ उभी होती. फाटकाची कडी तिने दोनदा हातात धरून सोडली होती. हे मी वाचलंच नव्हतं! डोळ्यांखालून गेलं होतं आणि वाचलं नव्हतं. मी गाडी चालवता चालवता चोरी कबूल केली. मुलगी किंचाळली, "यू चीटेड!" काका मात्र खूश झाले. "दोनदा वाचलंत, नशीबवान आहात," म्हणाले.

त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये त्यांनी त्यांच्या वाचनाची गोष्ट सांगितली. वडील इचलकरंजीला मागावर कामाला, निरक्षर. आठव्या वर्षापासून हे त्यांना रोज संध्याकाळी वाचून दाखवायचे. आधी वर्तमानपत्र, मग वाचनालयातून आणलेलं काहीही. वडील डोळे मिटून ऐकायचे आणि चुकलं की हटकायचे, अर्थ लागत नाही म्हणून. पुढे वसतिगृहात मित्रांना, मग लग्नानंतर बायको पोळ्या लाटत असताना तिला. "त्यामुळे मनातल्या मनात वाचलं की मला वाचल्यासारखंच वाटत नाही," ते म्हणाले. मी वाचत होते ते फक्त माझ्यासाठी. या माणसाने आयुष्यात एकही पुस्तक एकट्याने खाल्लं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात धुळीचं वारं सुटलं. त्यात सामान बांधणं, कागदपत्रांसाठी खेटे, दिवसभर निरोपाचे फोन. मंगळवारी काकांचा आवाज बसला. सुंठ झाली, मध झाला, गरम पाण्याचा थर्मास झाला. बुधवारी ते कुजबुजत वाचत होते आणि मुलगी दोन सीटच्या मधून डोकं पुढे काढून, श्वास रोखून ऐकत होती. मी एसी बंद केला, तरी निम्मंच ऐकू आलं. अकराच पानं झाली.

गुरुवारी, शेवटच्या सकाळी, त्यांच्या घशातून नुसती हवा येत होती. रात्रीचं विमान होतं. बावीस पानं उरली होती. थोरली आजारी होती आणि धाकटीला निरोप गेला होता. पार्किंगमध्ये गाडी थांबल्यावर काकांनी पुस्तक उघडलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"मला नाही येत," मी म्हणाले. खरंच येत नव्हतं.

"काकू, प्लीज," मागून मुलगी म्हणाली. "जस्ट ट्राय."

मी सुरू केलं. पहिलं पान मी नेहमीच्या सवयीने झोडपून काढलं. काकांनी डॅशबोर्डवर बोटाने टकटक केलं. पुन्हा मागे जा. मी मागे गेले. स्वल्पविराम आला की त्यांचं बोट वर उचललेलं राहायचं, आणि ते खाली येईपर्यंत मी पुढचा शब्द उच्चारायचा नाही. एवढं साधं. माझ्यासारखीला किती अवघड! पाचसहा पानं झाल्यावर बोट उचलणं थांबलं. मला वाटलं, दमले असतील. त्यांनी सीट मागे केली होती आणि डोळे मिटले होते.

धाकटी येते. तीस वर्षांनी थोरलीच्या घरात पाऊल टाकते. मला वाटलं होतं रडारड होईल, जुनी उणीदुणी निघतील. थोरली पडल्या पडल्या एवढंच विचारते, "जेवलीस का?" आणि धाकटी म्हणते, "नाही अजून." पुढे स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज आणि कादंबरी संपते.

मुलगी मागे हुंदके देत होती, लपवण्याचा प्रयत्नही करत नव्हती. "दे टॉक्ड," एवढंच म्हणत होती. घड्याळात सव्वाआठ झाले होते. त्या वर्षात कुणी ऑफिसला उशिरा जायची हिंमत करत नव्हतं, पण आम्हा दोघींपैकी कुणी हललं नाही.

काका डोळे मिटूनच होते. मला वाटलं, झोप लागली. हळूच "काका" म्हटलं, तर त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते. खिशातून पेन काढून हिशोबाच्या त्या कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि कागद मला दिला.

"आजपर्यंत मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. शेवटचं पान पुन्हा."

मी पान मागे उलटलं आणि पुन्हा वाचायला लागले, सावकाश.