निळ्या कापडावरचे ठिपके

बायकोला माझी पगाराची स्लिप माहीत आहे, बीपीची गोळी माहीत आहे, कॉलेजातली ती एक मुलगीसुद्धा माहीत आहे. हे मात्र नाही. कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे. दमलोय, एवढंच. लपवायलाही ताकद लागते हो.

आधी हसून घ्या. मी पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि रविवारी सकाळी मी जहाजं खेळतो. नेरूळला आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये टेबल टेनिसचं टेबल आहे. जाळी काढायची, वर निळं कापड अंथरायचं — झाला समुद्र. त्यावर बोटाएवढी जहाजं, आपण घरी बसून रंगवलेली. कुणाचं साधं आरमार, कुणाचे समुद्री राक्षस, कुणाच्या डोलकाठीवर ड्रॅगन. फासे टाकायचे, तोफा डागायच्या. बायको विचारते, 'झाली का भातुकली?' विचारू दे. आठवडाभर ऐरोलीच्या ऑफिसात माझ्यापेक्षा लहान पोरं मला कामं सांगतात. रविवारी निदान एक आरमार माझं ऐकतं.

हे कारण म्हणून सांगत नाही बरं का. कारण नाहीच आहे.

आम्ही चौघं. बर्वेकाका — जहाजावर इंजिनिअर होते, आता रिटायर, हा खेळ त्यांनीच आणला. प्रसाद, माझ्याच बिल्डिंगमधला. मी. आणि सुहास. सुहास दिघ्यातल्या झोपडपट्टीत वाढलेला, आता उलव्यात फ्लॅट घेतलेला, बँकेत कामाला. सोसायटीचा नव्हता, पण माझ्यामुळे आला. हो, मीच आणला त्याला. आम्हा दोघांचे ब्रश, रंग, सगळं एका दुकानातून यायचं; आठवडाभर एकमेकांना जहाजांचे फोटो पाठवायचो. मित्र होता माझा. तेवढं लक्षात असू द्या.

काकांचा एक नियम होता. तोफ डागण्याआधी टेप लावायची नाही. नुसतं बघायचं आणि अंतर मोठ्यानं बोलायचं — 'चौदा इंच!' — आणि मग मोजायचं. चुकलं की गोळा पाण्यात. सुहासचं क्वचित चुकायचं. माझं? माझे गोळे एवढे पाण्यात गेले की प्रसाद म्हणायचा, 'याच्यामुळे मासे संपले रे.' सगळे हसायचे, मीही हसायचो. पण घरी जाताना तोंड कडू व्हायचं. खेळण्यातल्या जहाजांवरून एवढं? हो. एवढं.

ते निळं कापड सुहासच्या बायकोनं शिवलं होतं. वर पांढऱ्या रंगानं लाटा काढल्या होत्या, लाटांवर फेसाचे बारीक बारीक ठिपके. फार सुंदर. खेळ झाला की सुहास ते घडी घालून घरी न्यायचा, चहाचे डाग वगैरे धुऊन पुढच्या रविवारी परत आणायचा. मग त्याला मुलगी झाली. त्या गडबडीत एक आठवडा कापड माझ्याकडे राहिलं.

कळलं ना पुढचं?

बायको माहेरी गेली होती. मी कापड जमिनीवर पसरलं, टेप घेतली, आणि त्या फेसात आणखी ठिपके घातले. त्याच पांढऱ्या रंगात. ठरावीक अंतरावर, रांगेत. कुणाला दिसणार नाहीत, मला मोजता येतील असे. गुडघे दुखेपर्यंत वाकून ते काम केलं. आपण काय करतोय हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

त्यानंतर माझा नेम लागायला लागला. अधूनमधून मुद्दाम चुकायचो, संशय नको म्हणून. काका म्हणाले, 'डोळा बसला बघ तुझा.' सुहासनं तर मिठी मारली. मला त्या मिठीची लाज वाटायला हवी होती ना? खरं सांगतो, तेव्हा नाही वाटली. जिंकलो होतो.

मग एका रविवारी प्रसादच्या हातून चहा सांडला. तो पुसता पुसता थांबला. वाकून बघत राहिला. मग त्यानं टेप लावली, एकदा इकडून, एकदा तिकडून. 'काका, हे बघा जरा.'

काकाही वाकले. मग प्रसादनं विचारलं, 'कापड कुणाकडे असतं?'

सगळे सुहासकडे बघायला लागले. कापड त्याच्याकडे. लाटा त्याच्या बायकोनं काढलेल्या. आणि नेम तर त्याचा पहिल्यापासूनच चांगला — म्हणजे आता ते जुने नेमही खोटे ठरले. माझ्याकडे कापड राहिलं होतं, तो आठवडा कुणाला आठवला नाही. त्याला तरी कसा आठवणार? तो हॉस्पिटलात होता, बायकोच्या उशाशी.

'अरे, मी कशाला असं करीन?' एवढंच म्हणाला तो. 'आणि ती कशाला करील? तिला तर खेळ कळतसुद्धा नाही.' प्रसाद माझ्या कानाशी पुटपुटला, 'शेवटी दिघ्याचाच.' दिघ्याचा म्हणजे काय, ते मला कळलं. त्याला जे म्हणायचं होतं, ते गावाचं नाव घेऊन म्हणाला. मी ऐकून घेतलं.

इथपर्यंत मी भित्रा होतो. नुसता गप्प राहिलो असतो तर भित्राच राहिलो असतो. पण मी बोललो. काय बोललो? सुहासच्या खांद्यावर हात ठेवला — हो, हात ठेवला — आणि म्हणालो, 'जाऊ द्या ना यार. खेळ आहे. होतं माणसाकडून.'

होतं माणसाकडून! म्हणजे केलं त्यानंच, मी फक्त माफ करतोय. माझ्या पापाची माफी मी त्याला दिली, चारचौघांत. त्यावर शिक्का बसला. काका म्हणाले, 'मन मोठं आहे तुझं.' सुहासनं जहाजं गोळा केली. घाईत एकाची डोलकाठी मोडली. कापड तिथेच टाकून गेला.

पुढच्या महिन्यात तो माझ्या घरी आला. जहाजांचा अख्खा डबा घेऊन. वर्षानुवर्षं रंगवलेला ताफा — एकेका शिडावर ठिगळंसुद्धा रंगवलेली. म्हणाला, 'मी आता नाही खेळणार. बायको म्हणते, पुन्हा त्या लोकांचं नाव काढू नकोस. पण हे विकावंसं वाटत नाही. तू ठेव. त्या दिवशी तू एकटाच माझ्या बाजूनं बोललास.'

तेव्हा सांगता आलं असतं. दार बंद होतं, दोघंच होतो, आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. सांगितलं असतं तर त्यानं एक ठेवून दिली असती आणि बरं झालं असतं. मी म्हणालो, 'अरे, त्यात काय.' आणि डबा घेतला.

तो अजून उलव्यातच आहे. दिवाळीला मेसेज येतो, मुलीचा फोटो येतो. मी हार्ट पाठवतो.

हे सगळं जुनं झालं असतं. जुन्या गोष्टी माणूस पचवतो, मीही पचवली असती, निर्लज्ज आहेच. पण मागच्या महिन्यात खेळ अर्ध्यावर असताना काका एकदम खुर्चीत बसले. त्यांची बायपास झाली आहे, आता थकले आहेत. म्हणाले, 'त्या सुहासला बोलवू या का रे? काय केलं असेल नसेल, मरू दे. आपण फार वाईट वागलो. मला एकदा त्याच्याशी खेळायचंय.' प्रसादही म्हणाला, 'बोलवा, माझं काही नाही.' काकांनी फोन काढला, नंबर शोधला, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सुहासचा माणूस मी ना.

मला फक्त मान हलवायची होती. पण तो आला असता तर बोलणं निघालं असतं. कापडाचं निघालं असतं. आणि मग कुणाला तरी तो आठवडा आठवला असता.

मी म्हणालो, 'नको काका. त्याला उगाच अवघडल्यासारखं होईल.'

'तू मित्र आहेस त्याचा,' काका म्हणाले, 'तुला जास्त कळतं.' आणि त्यांनी फोन खिशात ठेवला.