सलमाबाईंची हॅना

सलमाबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या, तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं होतं.

रियाधच्या एका भारतीय शाळेत आम्ही इराला पहिलीत घालायला गेलो होतो. मुलाखतीसाठी आलेल्या पालकांनी खोली भरली होती. एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्या शेजारी गडद काळ्या वर्णाची, उंचनिंच बाई वह्या तपासत बसली होती. इरा तिकडे निघाली, तशी मी नवऱ्याला म्हटलं, "तिथे नको बसवूस, त्या काळ्या बाईजवळ. घाबरेल पोर." मराठी तिथे कुणाला कळणार, म्हणून चांगलं मोठ्यानं म्हटलं. बाईंनी वही मिटली, उठल्या आणि म्हणाल्या, "बसू द्या तिला, ताई. मी उभी राहते."

इराच्या वर्गशिक्षिका नेमक्या त्याच निघाल्या. तीन आठवडे मी त्यांची नजर चुकवली. मग एका दुपारी वर्गात जाऊन म्हटलं, "माफी मागायला आलेय." मला वाटलं होतं, त्या म्हणतील असू दे, झालं गेलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मागा," म्हणाल्या. मी अडखळत बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक शब्दही न घालता. शेवटी म्हणाल्या, "बरं. आता इराच्या अक्षराबद्दल बोलू या."

सलमाबाई मुरूडच्या. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून कोकण किनाऱ्यावर आलेल्या सिद्दी लोकांच्या वंशातल्या. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न त्यांना रोज कुणी ना कुणी विचारायचंच. "मुरूडची," त्या सांगायच्या. "नाही, पण मूळच्या?" असं पुढे आलं, की म्हणायच्या, "त्याच्याही मागे जायचं तर दोघं मिळून जाऊ. आधी तुमचं सांगा." दुकानदार त्यांना सुदानी समजून अरबीत बोलत, आपले लोक इंग्रजीत. "सगळ्या रियाधमधे माझ्या इकाम्यालाच तेवढं ठाऊक आहे मी भारतीय ते," असं म्हणून त्या ते ओळखपत्र पर्समध्ये टाकायच्या. हसायच्या नाहीत.

हळूहळू आमचं जाणं-येणं वाढलं. त्या सांदणं करून आणायच्या, नारळाच्या दुधासकट. त्यांनी लग्न केलं नव्हतं. मुरूडला आई आणि भाऊ होते. शाळा सुटल्यावर त्या वाचत बसायच्या, आणि त्या वाचनातूनच त्यांनी एक एकपात्री नाटक लिहिलं. गुलामी संपल्यानंतरच्या अमेरिकेतली, लोकांचे कपडे धुणारी एक काळी बाई. तिचं नाव त्यांनी हॅना ठेवलं. काळ्या मुलांना गावातल्या शाळेत घ्यावं म्हणून हॅना घरोघर फिरून अर्जावर आयांचे अंगठे घेते. तिला शाळेच्या दारातून हाकलतात, तिचं घर जाळतात. ती नवा अर्ज घेऊन पुन्हा त्याच दारात उभी राहते.

"अशी कुणी खरंच होती?" मी विचारलं.

"अशा पुष्कळ होत्या गो. कुणी नावं लिहून ठेवली नाय."

आमच्या मराठी मंडळाच्या महिला दिनाला हे नाटक करायचं ठरवलं, तर निंबाळकरवहिनी, मंडळाच्या सेक्रेटरी, कुरकुरल्या. "लोक आठवडाभर दमलेले असतात हो. आणि तो अमेरिकेतला प्रश्न. आपला काय संबंध?"

सलमाबाईंनी शांतपणे विचारलं, "वहिनी, पहिल्या भेटीत तुम्ही माझ्याशी कुठल्या भाषेत बोललात?"

वहिनींनी डायरी उघडली. मग त्यांनी तारीख दिली.

तालमी आमच्या घरी होत. संहिता माझ्या हातात असे, प्रॉम्प्टर मीच. एके दिवशी बाई नवं पान घेऊन आल्या. शाळेच्या व्हरांड्यात एक गोरी आई आपल्या मुलीला सांगते, "तिथे नको बसूस, त्या काळ्या बाईजवळ. घाबरशील."

मी ते पान पुन्हा वाचलं.

"तुमचं वाक्य घेतलंय," त्या म्हणाल्या. "नको असेल तर काढते."

"माझं नाव तर कुठे येत नाही ना?"

"नाव घातलं तर बाकीचे सगळे सुटतील, ताई. म्हणतील, ती तशी होती."

मी म्हटलं, राहू द्या.

आम्ही राहायचो त्या कंपाउंडच्या हॉलमध्ये प्रयोग झाला. इरा तेव्हा बारा वर्षांची, पहिल्या रांगेत बसलेली. मी पडद्याआड संहिता घेऊन उभी. व्हरांड्याचा प्रसंग आला आणि बाई थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, विसरल्या. वाक्य माझ्या समोर होतं, बोटाखाली होतं. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग समोर वळून त्यांनीच ते वाक्य म्हटलं, अगदी हळू.

नाटक संपल्यावर टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या. निंबाळकरवहिनी त्यांचा हात धरून उभ्या राहिल्या. सगळे गेल्यावर मी विचारलं, "तिथे विसरलात का?"

"नाही," सलमाबाई केसांतल्या पिना काढत म्हणाल्या. "म्हटलं, तुम्हाला म्हणायचं असेल कदाचित."

घरी जाताना गाडीत इरानं विचारलं, "आई, हू सेज सच थिंग्ज?" मी म्हटलं, "असतात काही लोक."

पुढच्या वर्षी त्यांची आई आजारी पडली म्हणून बाई रियाध कायमचं सोडून मुरूडला गेल्या. विमानतळावर त्यांनी इराला जवळ घेतलं, मला नमस्कार केला. आई सावरली. बाईच गेल्या, दुसऱ्या पावसाळ्यात, हृदयविकारानं. भावाचा फोन सकाळी आला.

इरा शाळेतून आली तेव्हा तिला सांगितलं. चौदा वर्षांची मुलगी लहान पोरीसारखी रडली. ती थोडी शांत झाल्यावर मी म्हटलं, "इरा, नाटकातलं ते वाक्य माझं होतं. तुझ्या शाळेच्या मुलाखतीच्या दिवशी मी बाईंना ऐकू जाईल असं ते बोलले होते."

"आय नो," ती म्हणाली. आणि मग मराठीत, सावकाश, "मला आठवतं. दुसरीत असताना मी बाईंना विचारलं होतं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुझी आई तुला स्वतः सांगेल. तोवर तिच्यावर रागावू नकोस."

मी तिच्याजवळ बसून राहिले. बाईंना कळवायचं होतं, की मी सांगितलं.