रिबकाबाईची साक्ष

मेसची भट्टी मथुराबाईनं पेटवायची आणि पुढचं सगळं रिबकाबाईनं करायचं, असं दोघींचं गुपचूप ठरलं होतं. मालकांना, म्हणजे रावसाहेबांना, याचा पत्ता नव्हता. ते सकाळी पोहे झाल्यावर यायचे, चमच्यानं चव बघायचे, "मीठ कमी हाय" म्हणायचे आणि दुसरी बशी मागायचे.

पुण्याजवळच्या मांजरी गावात रावसाहेबांच्या वडिलांचा ऊस होता तिथं आता होस्टेल उभं आहे, आणि तळाला मेस. कॉलेजची पोरंपोरी, खराडीला कामाला जाणारे, सगळे तिथं जेवतात. रिबकाबाई ओहोळ तिथली स्वयंपाकीण. 'रिबका' हे नाव रावसाहेबांच्या जिभेला झेपलं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी तिची 'रेखा' केली. तिनं करू दिली. नावासाठी भांडायला अंगात जीव लागतो, आणि तिच्या अंगातला बराचसा जीव तोवर खर्ची पडला होता. शेवगावाकडची पोर ती, बाप मिशनच्या शाळेत शिपाई. लग्न होऊन पुण्यात आली आणि आल्यापासून उभीच आहे. आधी लोकांच्या मोरीत, मग एका कारखान्याच्या कँटीनमध्ये, आता इथं. पायांवरच्या निळ्या शिरा दोरीसारख्या फुगून आल्यात. रात्री नवरा शांतवन ड्यूटीला निघायच्या आधी त्या पायांखाली उशी सरकवून जातो. तो खराडीला एका ऑफिसच्या गेटवर वॉचमन आहे.

मागच्या थंडीतली गोष्ट. भट्टीचा जुना पाइप तडकला होता आणि गॅस रात्रभर ओट्याखाली साचत राहिला होता. रिबकाबाईला सर्दी होती, नाक बंद, वास काही आला नाही. तिनं कॉक सोडून लायटर मारला. भप्प झालं. डोळ्यांपुढं सगळं निळं, मग पिवळं. मथुराबाई मागच्या दाराबाहेर पोळ्यांची कणीक मळत होती, तिनं धावत येऊन भिजलेलं गोणपाट अंगावर टाकलं म्हणून बाई वाचली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया गेल्या, कपाळावरचे केस गेले.

रावसाहेबांनी पाइप बदलला, भिंतीवर वास ओळखून ओरडणारी डबी लावली. भुवया परत आल्या. हातावर नवी कातडी आली, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी गुळगुळीत. बाई कामावर परतली. पण लायटरचा टक् आवाज झाला की ती दोन पावलं मागं सरायची. एकदा जाळ लागला की ती त्यावर काहीही रांधायची, उकळी, फोडणी, सगळं. जाळ लावायचा तेवढा क्षण मात्र तिच्यानं व्हायचा नाही. घरीसुद्धा संध्याकाळी शांतवन शेगडी पेटवून द्यायचा, आणि मग ती चहा टाकायची. घाबरून घाबरून माणूस किती दमतं, ते तिला आता कळत होतं. दिवसभर डोक्यावर हंडा घेऊन हिंडावं तसं.

आता खरी चूक सांगायची ती इथं.

त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक रीत आहे. दुखण्यातून उठलं की घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवायची, चार लोकांना बोलवायचं, आणि प्रभूनं काय केलं त्याची साक्ष द्यायची. बाई बरी झाल्यावर तिच्या दोन खोल्यांत सतरंज्या पडल्या. गाणी झाली, पाळकसाहेबांनी वचन सांगितलं, आणि त्यांच्या बायको करुणाबाई म्हणाल्या, "रिबकाबाई, उभ्या राहा. साक्ष द्या. लोकांना बळ मिळतं."

ती उभी राहिली. हाताचं सांगितलं, गोणपाटाचं सांगितलं. एवढ्यावर बसायला हरकत नव्हती. पण साक्षीला एक शेवट असतो, लहानपणापासून ऐकलेला, आणि लोक त्याची वाट बघत होते. तो तिच्या तोंडून आपोआप निघाला. "आणि प्रभूनं माझी भीती काढून टाकली. आता मी रोज आपल्या हातानं भट्टी पेटवते."

"हालेलूया!" म्हणाले सगळे.

शांतवन दाराशी बसला होता. आलेल्या माणसांच्या चहासाठी शेगडी त्यानंच पेटवली होती. त्यानं मान खाली घातली.

त्यानंतर काही महिने उलटले. साक्ष मात्र गावभर फिरत राहिली. करुणाबाईंनी ती हडपसरच्या महिला मंडळात सांगितली, लोणीला सांगितली. आणि रिबकाबाईच्या ध्यानात आलं की आपण स्वतःलाच कोंडून घेतलंय. दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते, तिथं कशासाठी प्रार्थना करायची ते विषय मागतात. कुणी गुडघा सांगतं, कुणी पोराचं ॲडमिशन. ती काय सांगणार? जे दुखणं गेलं म्हणून देवाचे आभार मानले, त्याच दुखण्यासाठी परत हात कसे जोडायचे?

पावसाळा सरता सरता मथुराबाईनं बाँब टाकला.

"मी जातो वं वाशिमले. पोरीचे दिवस भरले. महिनाभर तरी येत नाई मी."

"आन भट्टी?"

"तू सांगून टाक ना वं मालकाले. थो काय तुले खाते?"

"खायचा न्हाई, काढून टाकील. भट्टीला भिणारी बाई कोण ठेवतं? पोहणं न येणारा कोळी ठिवल्यासारखं व्हईल."

"मंग तुया देवाले सांग," मथुराबाई कणकेचा गोळा आपटत म्हणाली. "आमचा मारुती तं म्या नारळ फोडल्याबिगर ऐकत नाई. तुयावाला फुकट ऐकते म्हणते ना तू?"

रिबकाबाई हसली. पण मनात दिवस मोजायला लागली. मथुराबाई रविवारी निघणार होती. सोमवारी सकाळी पोहे व्हायला हवे होते. नाही झाले तर नोकरी गेली, आणि या वयात, या पायांवर, दुसरं दार ठोठावायची ताकद तिच्यात उरलेली नव्हती.

त्या गुरुवारची प्रार्थना हडपसरला एका घरी होती. तिनं ठरवलं होतं, आज विषय मागायचाच. नाव न घेता, आडून. पण पाळकसाहेबांनी "रिबकाबाई, तुमचा काही विषय?" विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, "यांचा गुडघा."

शांतवननं चमकून आपल्या गुडघ्याकडं बघितलं. तो ठणठणीत होता.

मग पाळी सलोनीची आली. मंडळीतलीच पोर, खराडीला नोकरीला. चार महिन्यांमागं तिची स्कूटी डंपरला घासली आणि ती रस्त्यावर फेकली गेली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ती स्कूटीची किल्ली हातात धरत नव्हती. करुणाबाईंनी तिला रिबकाबाईची साक्ष दोनदा ऐकवली होती.

"माझ्यासाठी प्रार्थना करा," सलोनी म्हणाली, आणि डोळे पुसायला लागली. "मी रोज प्रे करते. खरंच करते. पण हेल्मेट घातलं की परत काढून ठेवते. रिबकामावशींची भीती प्रभूनं काढली, माझी नाही काढत. म्हणजे माझाच विश्वास कमी आहे ना? माझ्यातच काहीतरी चुकतंय ना?"

"तसं नाही गं," करुणाबाई म्हणाल्या, "मावशींसारखा भरवसा ठेवायचा."

रिबकाबाई सतरंजीवरून उठली. उठताना भिंतीला हात लावावा लागला.

"तिचं काय चुकत न्हाई," ती म्हणाली. "मी खोटं बोलले व्हते."

सगळे तिच्याकडं वळले.

"म्हणजे?" करुणाबाई म्हणाल्या.

"म्हणजे भट्टी मी न्हाई पेटवत. मथुराबाई पेटवती. घरला हे पेटवत्यात. माझी भीती गेली न्हाई. तशीच हाय, उलट वाढली."

"अहो पण तुम्ही उभं राहून सांगितलं होतं! सगळ्यांसमोर!"

"व्हय. उभं राहून सांगितलं, म्हणूनच आता उभं राहून सांगती."

कुणीतरी खोकलं. एका म्हाताऱ्यानं सवयीनं "हालेलूया" म्हटलं आणि मग इकडंतिकडं बघितलं. सलोनी डोळे पुसायची थांबली होती आणि टक लावून मावशीकडं बघत होती.

पाळकसाहेब चष्मा काढून पुसत बसले. बोलण्याआधी चष्मा पुसायची त्यांची खोडच होती.

"बसा आता. पाय दुखत असतील," ते म्हणाले. "क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रभूला भीतीनं घाम फुटला होता. मला काही होत नाही, असं त्यांनी शिष्यांना सांगितलं नाही. माझा जीव कासावीस झालाय, माझ्याबरोबर जागे राहा, असं म्हणाले. शिष्य झोपले, ती गोष्ट वेगळी. आपण तरी जागे राहू." मग शांतवनकडं वळून म्हणाले, "तुमच्या गुडघ्यासाठी पुढच्या गुरुवारी करू, चालेल ना?"

"चालंल," शांतवन म्हणाला. "तसा तो कवाच बरा झालाय."

त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी रिबकाबाईच्या खऱ्या दुखण्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पाळकसाहेबांच्या एका बाजूला सलोनी बसली होती, दुसऱ्या बाजूला ती. आमेन झालं. तिनं आत चाचपून बघितलं. भीती होती तिथंच होती. हलकं वाटलं ते एवढंच, की ती आता लपवायची नव्हती.

चहाच्या वेळी करुणाबाई कप घेऊन आल्या. चेहरा ओढलेला. "आता महिला मंडळात मी काय तोंड दाखवू? लोणीच्या बायकांना काय सांगू?"

"सांगा, बाई खोटारडी निघाली."

"तसं कसं सांगणार!"

"मंग मी यीन की. मी सांगते."

करुणाबाईंनी कप हातात दिला. मग हळूच म्हणाल्या, "मलाही बाई, पाळक रात्री गाडी घेऊन बाहेर पडले की झोप लागत नाही. कुणाला सांगत नाही मी." आणि घाईघाईनं बशा गोळा करायला आत गेल्या.

बसची वाट बघताना शांतवन म्हणाला, "बरं केलंस."

"आधी का न्हाई बोललात तुमी?"

"साक्ष तुझी व्हती. मी मधी कसा बोलू?" मग म्हणाला, "सोमवारी मी येऊ का? ड्यूटीवरून परस्पर?"

"तुमी सुटूस्तवर पोरं कॉलेजला गेलेली असत्यात. उपाशी."

सोमवारी मेसचं कुलूप तिनंच काढलं. खिडक्या उघडल्या, मागचं दार उघडलं. ओट्याखाली वाकून वास घेतला, एकदा, मग परत एकदा. डबी भिंतीवर गप्प होती. कांदे चिरले, पोहे भिजवले, मिरच्या तोडल्या. करण्यासारखं सगळं करून झालं आणि भट्टी राहिली. तीन तोंडांची, काळी, थंड.

लायटर तिनं बाजूला ठेवला. काडेपेटी घेतली. आधी काडी, मग कॉक, हे तिला ठाऊक होतं. काडी ओढायला हात उचलला आणि तो तिथंच राहिला. कानात ते भप्प वाजलं. ती बटाट्याच्या पोत्यावर बसली.

"प्रभू," ती म्हणाली, मोठ्यानं, कारण ऐकायला कुणी नव्हतं. "मला भ्या वाटतंय. तू हितं हाईस, मला ठाऊक हाय. तरी वाटतंय."

ती वाट बघत बसली. भीती जाईल म्हणून. बाहेर दूधवाल्याची गाडी येऊन गेली, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी गजर वाजून थांबला. भीती गेली नाही. आणि तिला वाटलं, आपण उगाच ताटकळलोय. आधी भीती जायची आणि मग भट्टी पेटवायची, हा क्रम आपणच लावलाय. बागेतला घाम वाळल्यावर कुठं उठले प्रभू? घामासकट उठले. एवढे महिने आपण देवाला म्हणत होतो, भीती काढ. चल माझ्याबरोबर, असं एकदाही म्हटलं नाही.

"मंग चल," ती म्हणाली आणि उठली.

पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि कॉकपर्यंत हात जाईस्तोवर विझली. तिसरी तिनं बर्नरजवळ धरली, चेहरा वळवला आणि डाव्या हातानं कॉक फिरवला. भस्स करून जाळ लागला. निळा, गोल, नेहमीसारखा. ती मागं भिंतीला टेकली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि घामानं पाठ चिंब झाली होती. आनंदबिनंद काही झाला नाही. पोतं उचलून ठेवल्यावर होतं तसं झालं.

"काय रेखाबाई," दारातून रावसाहेब आले, हातात मोबाइल. "आज वास न्हाई पोह्यांचा? वर होस्टेलातली ती स्पृहा विचारतीय, मावशी संपावर हाय का म्हणून."

"एकच बर्नर पेटलाय."

"एकच? बिघडलीय का काय भट्टी?"

"भट्टी बरी हाय. मला भ्या वाटतं तिचं, जळल्यापासून. इतके दिस मथुराबाई पेटवायची, तुमाला सांगितलं न्हाई. आता मी पेटवीन, पण येळ लागंल. चालत आसंल तर बघा, न्हाईतर दुसरी बाई बघा."

रावसाहेबांनी मोबाइल खिशात टाकला. तिच्या हाताकडं बघितलं, त्या गुळगुळीत कातडीकडं.

"आधी सांगायचं न्हाई व्हय? आता मथुराबाईला फोन करून शिव्या घालायच्या का काय मी?" ते पुढं आले. "सरक, मी पेटवतो बाकीचे."

"नको," ती म्हणाली. "तुमी नुसतं हितं उभं ऱ्हावा."

रावसाहेब उभे राहिले, उघड्या खिडकीपाशी, हात मागं बांधून, परक्याच्या घरी आल्यासारखे अवघडून. तिनं काडी ओढली. भीती मघाइतकीच होती. चेहरा वळवला. कॉक फिरवला.

"लागला," रावसाहेब म्हणाले, तिनं अजून बघितलं नव्हतं तेव्हा.

तिनं कढई पहिल्या जाळावर चढवली, तेल ओतलं आणि तिसऱ्या बर्नरसाठी काडेपेटी परत हातात घेतली.