ऑइल फुल होतं, तरी इंजिन गेलं

मंडळी, गेल्या शनिवारी ट्रॅकवर खडखडून बंद पडलेलं माझं इंजिन आज सकाळी प्रताप नगरच्या गॅरेजमध्ये उघडलं.

मेकॅनिक इरफानभाईंनी बेअरिंग माझ्या हातावर ठेवलं. घासून घासून आतलं तांबं दिसत होतं. मी म्हटलं, "भाई, ऑइल फुल था! मैंने खुद चेक किया था."

"फुल था भैया. पर मोड़ पे सारा तेल एक तरफ गया, पंप ने तेल की जगह हवा खींची, बेअरिंग सूखा घिसता रहा."

मोठा टर्बो लावला, चिकट टायर घातले, गाडी वळणं भलत्याच वेगात घ्यायला लागली. इंजिनखालचं ऑइल चेंबर मात्र कंपनीचंच. आत पत्रे बसवून तेल अडवू, असं इरफानभाई दिवाळीपासून सांगत होते. मी म्हणायचो, बघू नंतर. चेंबर कुणाला दिसतंय?

मानसरोवरला घरी येऊन महिन्यापूर्वी इथेच टाकलेला व्हिडिओ पुन्हा पाहिला. तुम्ही सगळ्यांनी वाहवा केलेला तोच लॅप. प्रत्येक लांब वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय. मी फक्त टायमिंग बघत होतो.

त्या व्हिडिओखाली मी गाडीत बसवलेल्या सामानाची यादी दिली होती; टर्बो, टायर सगळं, चेंबरमधले पत्रे सोडून. आपल्या ग्रुपमधल्या ओंकारने ती जशीच्या तशी स्वतःच्या गाडीत उतरवली आणि आज तो ट्रॅकवर गेलाय. तासाभरापासून फोन उचलत नाहीये.

तिथे त्याच्याबरोबर कुणी आहे का? आधी त्याला थांबवा. मला शिव्या नंतर घाला.