काकूंना खाण बघायची होती

फोटो कुणी परत बघत नाही हो. फोनमध्ये पडून राहतात आणि फोन भरला की डिलीट होतात. किस्से मात्र असे साठत जातात, की इकडे आयर्लंडमध्ये, आमच्या नावन गावच्या मराठी ग्रुपमध्ये कुणाकडे जेवायला बसलं की भाजीच्या आधी तेच वाढले जातात! एकट्या कोळशाच्या खाणीच्या ट्रिपचे इतके झालेत, की त्या दिवशी घरी लोळत पडलेली माणसंसुद्धा ते स्वतः पाहिल्यासारखे सांगतात. म्हणून आता मीच सांगून टाकते. मी होते तिथे.

*

सुरुवात आमच्या ग्रुपमधल्या संदीपच्या आईपासून. काकू चंद्रपूरकडच्या. काका तिथल्या कोळशाच्या खाणीत होते, सगळी नोकरी जमिनीखाली. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि संदीपने आईला थोडे महिने इकडे आणलं.

मोठ्या हौसेने त्याने लॅपटॉपवर आईला आयर्लंड दाखवलं. समुद्रकाठचे कडे, किल्ले, मेंढ्या. काकूंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "इथं कोळशाची खाण हाय का?"

आता आहे, त्याला काय करणार! इथल्या रॉसकॉमन जिल्ह्याच्या डोंगरात एक बंद पडलेली जुनी खाण आहे, टुरिस्टांना आत नेतात. हे कळल्यावर काकूंनी धोशाच लावला. "तुझे बाबा रोज खाली जायचे. आम्हा बायांले कोणी नेत नव्हतं. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणायचे अंधार असते, दुसरं काय असते. मले एकदा पाह्यचं हाय."

संदीपचा ठाम नकार. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दम लागतो, वाकून चालणं जमायचं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा गेल्यापासून ती एकदाही रडलेली नाही गं. आत गेल्यावर काही झालं तर?"

मी जरा तोंडाळच आहे. म्हटलं, "मग काय, घरात हीटरकडे बघत रडायला सांगतोस का?"

त्या शनिवारी आम्ही निघालो.

*

संदीपच्या बायकोची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी होती. त्यामुळे गाडीत संदीप, काकू, नात इरा, मी आणि माझा नवरा निखिल. निखिलची कुरकुर पूर्ण रस्ताभर. "लोक आयर्लंडला येऊन निसर्ग बघतात, आपण भोक बघायला चाललोय!"

खाणीच्या तोंडाशी एका कोनाड्यात मदर मेरीची मूर्ती होती, पुढे ताजी फुलं. काकू थांबल्या, बूट काढले आणि हात जोडले. त्यांनी काढले म्हणून संदीपने काढले, म्हणून आम्ही काढले. आमच्या मागे एक जर्मन जोडपं होतं. नियमाला पक्की माणसं. त्यांनीही मुकाट्याने लेस सोडल्या!

इतक्यात आमचा गाइड मिक बाहेर आला. पांढरे केस, रुंद पंजे, तरुणपणी याच खाणीत काम केलेला. बघतो तर अख्खी टूर मोज्यांवर उभी. म्हणाला, "हेल्मेट घाला असं सांगितलं होतं. बूट काढा असं कोण बोललं?"

काकूंनी संदीपकरवी सांगितलं, "आमच्याकडे खाली उतरायच्या आधी कालीमायच्या पाया पडतात. इथं ही हाय."

मिकने स्वतःचं हेल्मेट काढून हातात धरलं. म्हणाला, "माझ्या आईने तुझ्या आईला आमच्या घरीच ठेवून घेतलं असतं."

*

पुढचा घोळ हेल्मेटचा. काकूंच्या अंबाड्यावर ते बसेना. मिकने मोठा साइझ आणला, तोही वर नुसता डुगडुगायला लागला. संदीपचा चेहरा खुलला. "नियम म्हणजे नियम हं आई. तू वर बस, कॉफी घे. आम्ही येतोच."

काकूंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. पिना काढून दातात धरल्या, भर रांगेत अंबाडा सोडला, सरसर वेणी घातली आणि हेल्मेट चढवलं. साडी, त्यावर सुनेचं फ्लीसचं जॅकेट आणि पाठीवर पांढरी वेणी!

"आता?"

इरा टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, यू लुक क्लास!"

*

आत शिरलो आणि सगळ्यांची बडबड आपोआप कमी झाली. गार हवा, भिंतीतून पाझरणारं पाणी, लाकडाच्या टेकूंवर तोललेला डोंगर. आपल्या डोक्यावर केवढा डोंगर आहे हा विचार मनात आला, की पाय हळूहळूच पडतात.

एका ठिकाणी मिकने बॅटरी खाली मारली. दोन खडकांच्या मध्ये कोळशाचा काळा पट्टा, फार तर हातभर उंच. "इथे आम्ही कुशीवर झोपून कोळसा तोडायचो. खाली पाणी. शिफ्ट संपेपर्यंत तसंच."

माझा खरंच विश्वास बसेना. तिथे माझी पर्ससुद्धा उभी राहिली नसती, आणि त्यात माणूस?

निखिलने मागच्याच महिन्यात ऑफिसची खुर्ची पाठीला टोचते म्हणून एचआरशी मोठं युद्ध केलं होतं. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, "मी यापुढे खुर्चीचं नाव काढलं ना, तर लाटणं घे."

काकू भिंतीला धरून कशाबशा वाकल्या आणि त्या फटीत हात घातला. तळवा काळा झाला. संदीपने घाईघाईने टिश्यू पुढे केला.

"ऱ्हाऊ दे."

त्यांना धाप लागली होती. संदीप म्हणाला, "आई, बस झालं. परत फिरू या."

"तू फिर."

*

अगदी शेवटी मिकने सगळ्यांना थांबवलं. आता दिवे घालवणार होता. त्याआधी त्याने सांगितलं, की खाली काम करताना कुणाचा दिवा विझला, तर त्याने जागचं हलायचं नाही. बसल्या जागेवरून हाक मारायची. ज्याला ऐकू येईल त्याने ओ द्यायची, मग त्या दोघांचं सकाळीच भांडण झालेलं का असेना! संदीपने ते काकूंना मराठीत सांगितलं.

दिवे गेले.

असा अंधार मी जन्मात पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेत, कळत नव्हतं. मला भीती वाटली, सरळ सांगते. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. इराने माझं बोट घट्ट धरलं.

मग काकूंचा आवाज आला. अगदी रोजचा, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत देतात तसा.

"अहो... आयकलं का?"

माझ्या शेजारी संदीपचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

आणि पुढच्या काळोखातून मिकने ओ दिली.

"हिअर, मिसेस. आय अ‍ॅम हिअर."

काकू म्हणाल्या, "बरं. लावा आता दिवा."