नकाशावर हिरवी असलेली वाडी

आकाशात थांबवलेला ड्रोन उद्या मोबाइलच्या टॉवरचे काम करणार असेल, तर सुपारीच्या वाडीत राहणाऱ्या माणसाला त्यावरून बोलता येईल का? एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर मला हवे होते.

श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावात अशा ड्रोनची चाचणी झाली. तो किनाऱ्यावर, पर्यटकांच्या डोक्यावर उडवला गेला आणि वाळूत सगळ्यांचे फोन उत्तम चालले. माझ्या शेजारच्या भाभींच्या वाडीतल्या घरात मात्र आवाज तुटत होता. भाभींचे पती कुवेतला असतात. त्यांचा फोन घ्यायला भाभी रस्त्यावर जातात. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना तिथवर नेता येत नाही. मुलाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

चाचणीसाठी आलेल्या इंजिनिअरने मला स्क्रीन दाखवला. "सर, नकाशावर ही वाडी हिरवी आहे. हिरवी म्हणजे रेंज आहे."

"हिरवी तर हाय," माझ्यासोबत किनाऱ्यावर आलेल्या भाभी म्हणाल्या, "पण ती सुपारीनं हाय."

मी वाळूत रेघा ओढून त्याला समजावले. किनाऱ्यावरून तिरप्या येणाऱ्या लहरींना पावसाने भिजलेल्या झाडांच्या कितीतरी रांगा ओलांडाव्या लागतात. वरून सरळ उतरणाऱ्या लहरींना शेंड्यांचा एकच थर लागतो. म्हणून ड्रोन वाडीवर आणा, असे मी म्हणालो.

"जागा वरच्या साहेबांनी ठरवलेली आहे, सर."

"मग निष्कर्षही किनाऱ्यापुरताच लिहा. आमच्या वाडीचे नाव मी त्यात घालू देणार नाही."

मी तिथून हललो नाही. अखेर ड्रोन वाडीवर आणला गेला. भाभींनी कुवेतला फोन लावून तो सासूबाईंच्या कानाशी धरला.

"अम्मी, जेवलीस का?"

"माझं जेवण राहू दे. तू घरी कधी..."

फोन मध्येच तुटला. बॅटरी संपत आली म्हणून ड्रोन उतरवला होता.

"बघा, टिकत नाही," इंजिनिअर म्हणाला.

टिकत नाही, हे मला मान्य आहे. जमिनीवरून तारेने वीज द्यावी, की दोन ड्रोन आळीपाळीने उडवावेत, हे त्यांनी ठरवावे. ड्रोन डोक्यावर असेल तर वाडीत बोलता येते, हे उत्तर मला मिळाले. परंतु सासूबाईंचा प्रश्न पुरा होऊन त्यावर मुलाचे उत्तर येत नाही, तोपर्यंत आमच्या वाडीला रेंज आहे, असे मी कोणालाही म्हणू देणार नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका. पाऊस पडून गेल्यावर एकाच माणसाला आधी मोकळ्या जागेतून आणि मग दाट झाडांखालून फोन लावा. फोनवरच्या रेंजच्या रेघा मोजू नका, बोलणे ऐका. कृपया स्वतः तपासून पाहा.